पिवळ्या रेघेच्या आत लोखंड आणू नये

हळद लागल्यावर नवरदेवानं घराबाहेर पडू नये आणि पडलाच तर लोखंड जवळ बाळगावं, हा द्वारकाबाईंच्या घरातला नियम होता. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात त्यांचा मुलगा बद्रीनाथ नोकरीला होता, तिथल्या मोठ्या हॉलचा नियम असा होता की चुंबक चालू असताना जमिनीवर मारलेल्या पिवळ्या रेघेच्या आत लोखंड न्यायचं नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते. बद्रीनाथच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साडेअकराला ते पहिल्यांदा एकाच माणसाला लागू झाले.

फोन आला तेव्हा बद्रीच्या कानात हळद होती, म्हणून त्यानं तो स्पीकरवर लावला. घरभर पाहुणे होते. पद्मजा म्हणाली, “हेलियम आलं.”

पद्मजा आणि बद्री यांनी मिळून दोन वर्षं एक कॉइल गुंडाळली होती. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. पण ही तार अशी की उणे दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातून वीज कुठलाही विरोध न होता वाहते. मग दोन हजार अँपिअर सोडले तरी तार तापत नाही आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सव्वा लाख पट जोराचा चुंबक तयार होतो. इतकं थंड करायला द्रवरूप हेलियम लागतं. ते सोमवारी यायचं होतं. ट्रक कन्नडच्या घाटात अडकला आणि शुक्रवारी आला. हेलियम कितीही चांगल्या भांड्यात ठेवलं तरी थोडं थोडं उडून जातंच. घाटात त्याचा तिसरा हिस्सा उडाला होता.

“उरलेलं किती वेळ पुरेल?” बद्रीनं विचारलं.

“मी भरायला घेतलंय. कॉइल थंड झालीय. आज संध्याकाळपर्यंत. पुढचं हेलियम तीन महिन्यांनी, आणि मोठ्या भट्टीसाठी कोणाच्या कॉइल घ्यायच्या ती यादी उद्या बंद होते. तुला हळद लागली का?”

“लागली.”

“अरे वा. अभिनंदन. दोनपर्यंत ये.”

चाचणी त्याच्याशिवाय होणार नव्हती. पद्मजा काचेच्या खोलीत बसून वीज वाढवणार, आणि त्याच वेळी कोणीतरी चुंबकाच्या टाकीशी उभं राहून हेलियमचे व्हॉल्व्ह हातानं सांभाळणार. ते व्हॉल्व्ह बद्रीनं स्वतः बसवले होते आणि ते पाव फेरा पुढे, अर्धा मागे, परत पाव पुढे असे फिरवल्याशिवाय उघडत नसत. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

“जायचं नाय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“आई, दोन वर्षं काम केलंय.”

“मी बत्तीस वर्षं केलंय.” त्यांनी खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या नानासाहेबांकडं, म्हणजे बद्रीच्या वडिलांकडं, बोट दाखवलं. “हळद लागल्यावर हे एकदा कट्यार विसरून बाहेर गेले होते. लांब नाय, विहिरीपस्तोर. तेव्हापासून मी भोगते.”

नानासाहेबांनी पेपरचं पान उलटलं. बद्रीनं त्यांच्याकडं मदतीच्या अपेक्षेनं पाहिलं. पण त्यांचा या हकिकतीशी मतभेद दिसत नव्हता.

तास-दीड तास रडारड, रुसवे आणि दोन मावश्यांची मध्यस्थी झाल्यावर द्वारकाबाई एक पायरी खाली उतरल्या. जायचं तर कट्यार हातात घेऊन जा. कट्यार गुलमंडीतून आणलेली होती, लाल मखमली म्यानाची, टोकाला लिंबू खोचलेली. बद्रीनं ती हातात घेऊन वजन पाहिलं. साधारण चारशे ग्रॅम. पिवळ्या रेघेच्या आत ती हातातून कुठं जाईल आणि वाटेत कोणाला भेटेल, हे त्याला नीट सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्याऐवजी तो आपल्या खोलीत गेला आणि वीतभर लांबीची एक चकचकीत सळई घेऊन आला.

“आई, हे लोखंडच आहे. कट्यारीऐवजी हे बाळगतो.”

द्वारकाबाईंनी सळई घेतली, पर्स उघडली आणि पर्समधून एक छोटा लोहचुंबक काढला. गुलमंडीत भांडी घेताना त्या तो नेहमी जवळ ठेवत. चुंबक चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर स्टील चांगलं. चुंबक सळईला चिकटला नाही. घसरून मांडीवर पडला.

“हे लोखंड नाय. चांगलं स्टील हाय.”

“स्टीलमध्ये लोखंडच असतं. फक्त त्याची रचना अशी की चुंबक लागत नाही. म्हणून तर आमच्या हॉलमध्ये चालतं.”

“कशावरून?”

बद्रीला हा प्रश्न आवडायचा. त्यानं फोनवर त्या सळईचं प्रमाणपत्र उघडून आईसमोर धरलं. द्वारकाबाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. क्रोमियम सतरा टक्के. निकेल बारा. मॉलिब्डेनम अडीच. मँगेनीज दीड. मग शून्यानं सुरू होणाऱ्या बारीकसारीक गोष्टी. शेवटी शिक्का.

“यात लोखंडाचं नावच नाय.”

“लिहीत नाहीत. बाकीचं सगळं लिहितात. उरतं ते लोखंड.”

“किती उरतं?”

“सहासष्ट-सदुसष्ट टक्के.”

“शंभरात सहासष्ट, आणि त्याचं नाव लिहीत नायत?”

“नाही.”

द्वारकाबाईंनी चष्मा काढला. या घरात त्यांची स्वतःची परिस्थिती काहीशी अशीच होती, पण त्या तिकडं गेल्या नाहीत. “लग्नकार्याला असलं उरलंसुरलं लोखंड चालत नाय,” त्या म्हणाल्या. “चप्पल कुठं हाय माझी? मी येते. कट्यार मी धरते. पण ती तुझ्याजवळ पाहिजे.”

“जवळ म्हणजे किती?” बद्रीनं विचारलं.

त्यांनी विचार केला. “तिथं गेल्यावर बघू.”

सिडको एन-सातपासून चिकलठाण्यापर्यंत ते स्कूटरवरून गेले. मुंडावळ्या हेल्मेटच्या आत मावेनात, म्हणून बाहेर काढून दोन्ही गालांवर सोडल्या. द्वारकाबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. पैठणीचा पदर खोचलेला, हातात लिंबू लावलेली कट्यार. जालना रोडच्या सिग्नलला वाहतूक पोलिसानं हळदीनं माखलेला चालक पाहिला, मग कट्यार पाहिली, मग द्वारकाबाईंचा चेहरा पाहिला आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच त्यांना पुढे जायला सांगितलं.

पद्मजा दारातच उभी होती. समर्थनगरच्या भटजींच्या घरातली ही मुलगी दोन रात्री झोपलेली नव्हती. तिनं बद्रीला पाहिलं, कट्यार पाहिली आणि हातातला फॉर्म उघडला.

“काकू, नमस्कार. आत यायचं तर काही प्रश्न विचारावे लागतात. छातीत मशीन बसवलंय?”

“नाय.”

“हाडात पट्टी, स्क्रू?”

“नाय.”

“कुठलं ऑपरेशन?”

“याच्या वेळी झालं. आत काही ठेवलं असंल तर डॉक्टर बोलला नाय.”

पद्मजानं ‘नाही’ लिहिलं. मग द्वारकाबाईंच्या अंगावरचं लोखंड काढून ट्रेमध्ये ठेवायचा कार्यक्रम झाला. बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना सात, मंगळसूत्राला दोन, खांद्यावरच्या निऱ्यांना तीन, केसांतले आकडे अकरा. पद्मजानं एकेक मोजून नोंदवली आणि खांद्याच्या पिनांच्या जागी चिकटपट्टी लावून दिली.

हॉलच्या मधोमध पुरुषभर उंचीची गोल टाकी होती, आत कॉइल. टाकीभोवती साडेचौदा फुटांवर पिवळी रेघ. वीज थोडी चढवलेली होती, पाचशे अँपिअर. टाकीपासून काही अंतरावर, जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंटीला एका दोऱ्यानं लोखंडी नट बांधून ठेवला होता. नवख्या माणसाला समजवायची ही पद्धत. नट खाली लोंबत नव्हता. तो टाकीकडं तोंड करून, दोरा ताणून, हवेत आडवा थांबला होता.

द्वारकाबाईंनी तो बराच वेळ पाहिला.

“एवढं जोराचं कशाला लागतं?” त्यांनी विचारलं.

बद्री तोंड उघडणार तोच पद्मजा म्हणाली, “काकू, सूर्यात असते तसली आग पेटवायची आहे. पंधरा कोटी अंशांची. वीज करायला. ती कशात ठेवणार? कुठलंही भांडं वितळेल. आणि भांड्याला शिवली तर आगही विझते. म्हणून ती मधोमध अधांतरी धरायची, कशालाही शिवू द्यायची नाही. त्या आगीतल्या कणांना विजेचा भार असतो, म्हणून चुंबक त्यांना वळवतो आणि आतल्या आत फिरत ठेवतो.”

“म्हंजे सोवळ्यातली आग.”

“अगदी,” पद्मजा म्हणाली. सोवळं तिच्या घरात चार पिढ्या होतं. हे आधी आपल्याला कसं सुचलं नाही, असं तिला वाटलं.

“आन् ह्यो नट उडाला नाय, कारण दोऱ्यानं बांधलाय.”

“हो.”

“मग झालं की,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला. सकाळी बद्रीला रांगोळीच्या चौकात बसवून चार कोपऱ्यांच्या चार तांब्यांभोवती सूत गुंडाळलं होतं, त्यातलं उरलेलं रीळ त्यांनी बाहेर काढलं. “सुताच्या आत जे जे बसतं ते एक धरतात. एक टोक तुझ्या मनगटाला, एक कट्यारीला. मी रेघेच्या बाहेर कट्यार धरून उभी राहते. मग कट्यार तुझ्याजवळच झाली.”

बद्रीनं या युक्तिवादात चूक शोधली. सापडली नाही. सूत कापसाचं होतं, चुंबकाला त्याचं काही नव्हतं.

“पण पाचपदरी पाहिजे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “एकपदरी अशुभाला वापरतात.”

रिळावर ऐंशी फूट सूत निघालं. पाच पदर केल्यावर सोळा फूट. पुढचा व्हॉल्व्ह रेघेपासून चौदा फुटांवर होता, तेव्हा बद्रीनं हिशेब बरोबर आला असं मनाशी म्हटलं. मागच्या बाजूला आणखी एक व्हॉल्व्ह होता, एकोणीस फुटांवर. दुसऱ्या भांड्यातलं हेलियम घ्यायचं असेल तरच तो लागे. आजवर कधी लागला नव्हता, आणि म्हणून तो त्याच्या हिशेबात आला नाही.

द्वारकाबाईंनी त्याच्या मनगटाला, हळकुंडाच्या कंकणाशेजारी, पाच गाठी मारल्या. नवरदेव पिवळ्या रेघेच्या आत गेला. आई रेघेबाहेर, दोन्ही हातांत कट्यार, उभी राहिली. पद्मजानं काचेच्या खोलीत जाऊन दार लावलं.

“आठशे,” स्पीकरवर तिचा आवाज आला. “हजार.”

टाकी काही बोलत नव्हती. चुंबकाचा आवाज नसतो, पंपाचा होता. द्वारकाबाईंना आतून काहीतरी दिसेल अशी अपेक्षा होती. हळदीनं पिवळा झालेला मुलगा एका काट्याकडं टक लावून उभा होता, एवढंच दिसत होतं. शाळेत असतानाही तो असाच घड्याळाकडं बघत बसायचा आणि त्या त्याला मंद समजायच्या.

“बाराशे. हेलियमची पातळी ऐंशी टक्के. पंधराशे. पातळी बहात्तर. बद्री, फार भरभर उतरतेय.”

त्यानं पुढचा व्हॉल्व्ह उघडला. पाव पुढे, अर्धा मागे, पाव पुढे. काटा क्षणभर थांबला आणि परत खाली आला. घाटात उडालेला तिसरा हिस्सा आत्ता जाणवत होता.

“पहिलं भांडं संपलं,” पद्मजा म्हणाली. “अठराशे. पातळी सहासष्ट. साठला यंत्रणा आपोआप वीज तोडेल. मग आज परत चढवायला हेलियम पुरणार नाही. मागचा उघड.”

बद्री टाकीला वळसा घालून मागे निघाला. दुसऱ्या पावलाला मनगट मागे ओढलं गेलं. दोरा ताणला होता. व्हॉल्व्हची पितळी मूठ त्याच्या बोटांपासून तीन फूट लांब होती.

“आई, दोरा सोड.”

“नाय.”

“मग मी तोडतो.”

“तोडून बघ.”

“चौसष्ट,” पद्मजा म्हणाली.

बद्रीनं डावा हात दोऱ्यावर ठेवला. पाच पदर असले तरी सूतच ते, हिसक्यासरशी तुटलं असतं. त्यानं हिसका दिला नाही. कॉइल गेली तर तीन महिन्यांनी दुसरी संधी मिळेल किंवा मिळणार नाही. दोरा तुटला तर उद्या मांडवात आई उभी असेल आणि पुढं बत्तीस वर्षं प्रत्येक गोष्ट या दोऱ्यापर्यंत येऊन थांबेल. तो दोन्ही बाजू तोलत राहिला, हात दोऱ्यावरच.

“त्रेसष्ट. बद्री?”

“थांब जरा,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली. पिवळ्या रेघेच्या आत लोखंड आणू नये. त्यांनी ती परत वाचली. माणसाबद्दल तीत काही नव्हतं. त्यांनी कट्यार रेघेबाहेर जमिनीवर आडवी ठेवली, तिच्या मुठीला बांधलेलं सूत सोडून आपल्या उजव्या मनगटाला गुंडाळलं, डावा पाय कट्यारीवर घट्ट रोवला, उजवा पाय रेघेच्या आत जाईल तितका लांब टाकला आणि उजवा हात पुढे ताणला. लोखंड पायाखाली, पाय अंगाला, हात सुताला, सूत मुलाला. साडेचार फूट मिळाले.

“आता जा,” त्या म्हणाल्या. आवाज जरा बसका आला, कारण त्या वाकलेल्या होत्या.

बद्रीचा हात मुठीवर पडला. पाव पुढे, अर्धा मागे, पाव पुढे. कुठंतरी आत फुसफुसलं.

“एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट,” पद्मजा मोजत गेली. “सदुसष्ट. चढवते. दोन हजार. आता दहा मिनिटं असंच धरायचं. काकू, पाय टेकवलात तरी चालेल, फक्त कट्यार हलवू नका.”

“टेकलेलेच हायत दोन्ही. ते लांब हायत, एवढंच.”

दहा मिनिटं कोणालाच हलता येत नव्हतं. बद्री मुठीवर हात ठेवून उभा, द्वारकाबाई जमिनीवर कमान होऊन, पद्मजा आकड्यांवर डोळे लावून. चार मिनिटांनी द्वारकाबाईंनी वेळ जावा म्हणून विचारलं, “ह्या आगीची वीज आपल्या घरी कधी येणार?”

“तीस वर्षं म्हणतात, काकू,” स्पीकर म्हणाला.

“कधीपासून म्हणतात?”

“पन्नास-साठ वर्षं झाली.”

द्वारकाबाईंनी हे पचवलं. कट्यार जागची हलली नाही. “आमच्या माहेरच्या रस्त्याचं बी असंच हाय,” त्या म्हणाल्या. “पण दरसाल थोडी खडी पडते. निम्म्यापस्तोर आलाय.”

“आम्हीही निम्म्यापर्यंत आलोय,” बद्री म्हणाला.

“मग बोलू नको. काट्याकडं बघ.”

दहाव्या मिनिटाला पद्मजा “झालं” एवढंच म्हणाली. वीज उतरायला अर्धा तास लागला, पण पातळी सुरक्षित होती, आणि द्वारकाबाईंना हळूहळू मागे सरकता आलं. बद्री बाहेर आल्यावर त्यांनी सूत पुन्हा कट्यारीला बांधलं आणि कट्यार त्याच्या हातात दिली. तो मनगटाच्या गाठी सोडू लागला, तेव्हा त्यांनी हातावर चापट मारली.

“हळद लागल्यावर बांधलेलं नवरीनं सोडायचं असतं.”

पद्मजा अहवाल भरत होती. “चाचणीच्या वेळी हॉलमध्ये असलेल्या व्यक्ती,” तिनं वाचलं. “बद्रीनाथ, कॉइलप्रमुख. काकू, तुमचं नाव?”

“द्वारकाबाई नानासाहेब जाधव.”

“आणि काम?”

“लग्नघर हाय. पन्नास कामं हायत.”

पद्मजानं ‘नियम पालन’ असं लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर बद्रीचं लग्न लागलं. त्याच्या हातात कट्यार होती आणि कट्यारीपासून मनगटापर्यंत सोळा फूट सुताचं वेटोळं. भटजींनी एकदा त्याकडं पाहिलं. पण प्रत्येक घराची रीत वेगळी असते, म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी एन-सातमधल्या घरी कंकणं सोडायचा कार्यक्रम झाला. नवरी मीनाक्षी फर्दापूरची. तिथं ती शिवणाचा वर्ग चालवायची. तिनं हळकुंडाची गाठ सहज सोडली, मग शेजारच्या पाच गाठींवर आली.

“हे काय?”

बद्रीनं सांगितलं. हेलियम, चुंबक, एकोणीस फुटांवरचा व्हॉल्व्ह, सगळं, क्रमानं. यादीत कॉइल आल्याची बातमी सकाळीच आली होती, तीही सांगितली. तो बोलत होता तोवर तिनं पाचही गाठी सोडल्या, सूत बोटांवर नीट गुंडाळलं आणि सासूपुढं धरलं. “आई, हे तुमचं.”

“तुझ्याकडंच ठेव,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याला तेल लावलेलं होतं. “याला परत बोलावतील. मी आता वाकत नाय.”

“पण हळद तर उतरली,” बद्री म्हणाला.

दोघींनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

मीनाक्षीनं सुताचं टोक बोटांत धरून पदर मोजले. “सगळं मिळून ऐंशी फूट होतं ना? पाचाऐवजी चार पदर केले असते तर वीस फूट झालं असतं. व्हॉल्व्ह एकोणीसवर. तुम्हाला वाकायलाच लागलं नसतं.”

बद्रीनं मनातल्या मनात भागाकार केला. बरोबर होता.

द्वारकाबाईंनी बोटांवर नियम मोजले. एकपदरीबद्दल नियम होता, तीनबद्दल होता, पाचबद्दल होता. चाराबद्दल कोणी कधी काही सांगितल्याचं त्यांना आठवेना, आणि त्यांनी तसं कबूल केलं.